तुकडे मोजलेले नाहींत

आजवर आमच्या वाचनांत जीं प्रामाणिक वाक्यें आलीं त्यांत एका चिठ्ठीवरील तीन शब्दांना आम्ही बरेंच वरचें स्थान देऊं. चिठ्ठी एका जुन्या खोक्याच्या झाकणावर चिकटविलेली होती. खोक्यांत एका चित्राचे हजार तुकडे आहेत असा छापील दावा होता, आणि त्या दाव्याच्या शेजारीं कोणा अज्ञात हातानें निळ्या शाईनें इंग्रजींत लिहून ठेवलें होतें : तुकडे मोजलेले नाहींत. ज्यांचीं तीस वर्षें उत्तरपत्रिकांवर 'तपासली' म्हणून सह्या करण्यांत गेलीं त्यांना असल्या वाक्याची किंमत चटकन् कळते. बेरीज पुन्हां न करतां सही ठोकण्याचा मोह किती सुखद असतो हें आम्हांला ठाऊक आहे. केली नाहीं तर केली नाहीं म्हणून लिहिण्याचें धैर्य मात्र आम्हांला एकाही परीक्षेंत झालेलें नाहीं.

हें खोकें आम्हांला भेटलें तें २०२४ सालच्या मे महिन्यांत, इंग्लंडच्या मध्यभागांतील एका लहानशा गांवीं. आमची धाकटी बहीण गेलीं पंचवीस वर्षें तेथें राहते. ती जिन्यावरून पडली, उजव्या पायाचा घोटा मोडला, आणि सहा आठवडे पाय उंच ठेवून बसण्याची तिला शिक्षा झाली. मेहुणे दिवसभर कामावर, मुलगा दुसऱ्या गांवीं शिकत असलेला, आणि आमच्या कॉलेजला उन्हाळ्याची सुटी. तेव्हां आम्ही निघालों. आमच्या जाण्यानें तिची कांहीं सेवा घडली असें म्हणवत नाहीं. स्वयंपाकांतील आमचें ज्ञान चहापाशीं थांबतें, आणि तिकडच्या विजेच्या शेगडीवर तोही धड होत नसे. परंतु दिवसभर उभें राहून लोकांना औषधें देण्याची जिला संवय तिला बसून करण्यासारखें कांहीं तरी आणून देणें एवढें आमच्या हातचें होतें. तिसऱ्या दिवशीं ती म्हणाली, “दादा, बाहेर जातोच आहेस तर एखादं जिगसॉ घेऊन ये. नवं नको. जुनंच आण.”

“जुनंच कां?”

“नव्यांत सगळे तुकडे असतात.”

हा विनोद होता कीं विचार, हें आम्हीं विचारलें नाहीं.

तिकडे 'चॅरिटी शॉप' म्हणून जो प्रकार आहे तो आपल्या जुन्या बाजाराहून अगदीं निराळा. लोक घरांतील नकोशा झालेल्या वस्तू तेथें फुकट देऊन जातात, गल्ल्यावर बसणारीं माणसें बहुधा बिनपगारी असतात, आणि विक्रीचा पैसा कोठल्या तरी धर्मकार्याकडे जातो. वरच्या फळ्यांवर पेले आणि फुलदाण्या, मधल्या फळ्यांवर कादंबऱ्या, आणि अगदीं जमिनीलगत, गुडघे टेंकल्यावांचून ज्यांचीं नांवें वाचतां येऊं नयेत अशा बेतानें रचलेलीं जिगसॉचीं खोकीं. २०२० सालच्या साथींत घरोघर कोंडून बसलेल्या माणसांनीं हीं कोडीं इतकीं विकत घेतलीं कीं कारखान्यांना पुरवठा करणें कठीण झालें होतें. दारें उघडल्यावर त्यांतलीं बरींचशीं या फळ्यांवर येऊन विसांवलीं असावींत. आमच्या खोक्याची किंमत दोन पौंड. घासाघीस करण्याची सोय नाहीं, कारण ती करावयाची कोणाशीं? धर्माशीं?

जुनी वस्तू घेणें ही आम्हांला अपरिचित गोष्ट नव्हे. आमचें निम्में ग्रंथालय रस्त्याच्या कडेला जमलेलें आहे. जुनें पुस्तक घेतांना आम्ही प्रथम शेवटचें पान आहे कीं नाहीं तें पाहतों, मग शिवण पाहतों. कसरीचीं चार-दोन भोकें असलीं तर तीं किंमतींत वळतीं करून घेतों. जुनी सायकल चालवून पाहतां येते. भांडें वाजवून पाहतां येतें, नारळ हालवून पाहतां येतो, आंबा हुंगतां येतो. जुन्या जिगसॉला मात्र परीक्षाच नाहीं. तें पुरें आहे कीं नाहीं हें कळण्याचा खात्रीचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे तें समग्र लावणें. आणि समग्र लावलें म्हणजे त्याचा उपभोग घेऊनच झाला. (विवाहासंबंधीं कांहीं मंडळी असेंच म्हणतात, परंतु तो विषय येथें नको.) खोकें कानाशीं धरून हालविलें तर आहेत ते तुकडे खुळखुळतात, नसलेल्यांविषयीं तें मौन पाळतें.

शिवाय तुटीचा हिशेबही येथें निराळा लागतो. तीनशें पानांच्या पुस्तकांतलें एक पान गळलें तर सुज्ञ वाचक तें कल्पनेनें भरून काढतो. कांहीं पुस्तकें तर त्यामुळें सुधारतात. हजारांत नऊशें नव्याण्णव गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही सुवर्णपदक देऊं. परंतु तितक्याच प्रतीचें चित्र टेबलावर पडलें असतां घरांतील लहानथोर सर्वांचीं बोटें त्या एका भोकाकडे जातात. नऊशें नव्याण्णव तुकडे ज्यानें लावले त्याच्याकडे कोणी पाहत नाहीं.

आम्हीं खोकें घरीं आणल्यावर मेहुण्यांनीं, ते इंजिनियर असल्यामुळें, तें स्वयंपाकघरांतील तराजूवर ठेवण्याची सूचना केली. एका तुकड्याचें वजन एका ग्रॅमाहूनही कमी असतें, परंतु हल्लींचे तराजू तितके सूक्ष्म असतात. अडचण एवढीच कीं नवें असतांना त्याचें वजन किती होतें हें त्यावर कोणी लिहिलेलें नव्हतें. मग मोजणें आलें. आणि मोजण्यांतही एक गोम आहे, ती आमच्या बहिणीनें सांगितली तेव्हां आम्ही चकित झालों. हजार तुकड्यांच्या चित्रांत हजार तुकडे असतातच असें नाहीं! तुकडे उभ्याआडव्या रांगांत कापलेले असतात. रांगा ४० आणि २५ असल्या तर गुणाकार बरोबर १००० येतो. परंतु पुष्कळ चित्रांत त्या ३८ आणि २७ असतात, आणि त्यांचा गुणाकार १०२६. पांचशेंच्या म्हणून विकलेल्या चित्रांतही असेच २७ आणि १९, म्हणजे ५१३, निघतात. तेव्हां एखाद्या सज्जनानें रात्रभर जागून हजार मोजले आणि समाधानानें 'पूर्ण' अशी चिठ्ठी लावली, तर त्यानें सव्वीस तुकड्यांची तूट प्रमाणित केली असें होण्याचा संभव आहे. 'मोजलेले नाहींत' या वाक्याविषयींचा आमचा आदर या माहितीनें दुणावला.

वास्तविक कारखान्यांतून तुकडा गहाळ होऊन येणें विरळाच. छापलेला कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवितात, पोलादी पात्यांचा सांचा त्यावर दाबतात, आणि एका दाबांत सगळे तुकडे सुटतात. ते हरवतात ते माणसांच्या घरांत : सतरंजीखालीं, कुत्र्याच्या तोंडांत, पायजम्याच्या दुमडींत. लांकडाचें कोडें असेल तर कुशल कारागीर नवा तुकडा कापून, रंगवून देऊं शकतो. पुठ्ठ्याच्या कोड्याचें तसें कोण करणार? एक गंमत मात्र आहे. सांचा महाग पडतो, म्हणून एकच सांचा अनेक चित्रांना वापरतात. त्यामुळें एका चित्राचा तुकडा दुसऱ्या चित्राच्या त्याच जागीं नेमका बसूं शकतो. टिम क्लाइन नांवाच्या अमेरिकन कलावंतानें तर निरनिराळ्या कोड्यांचे तुकडे असे एकांत एक बसवून विलक्षण मिश्र चित्रें सिद्ध केलीं आहेत. ज्याला कलावंत व्हावयाचें नाहीं त्याला या युक्तीनें भोक बुजवितां येतें खरें, पण आकाशाच्या ठिकाणीं गायीचा कान दिसूं लागतो.

या खेळाचा जन्म करमणुकीसाठीं झाला नव्हता. इ. स. १७६० नंतरच्या दशकांत लंडनमध्यें जॉन स्पिल्सबरी नांवाचा एक ताम्रपटकार होता. तो नकाशे कोरी आणि छापी. छापलेला नकाशा महॉगनीच्या फळीवर चिकटवून, देशांच्या सीमांवरून करवत फिरवून, त्यानें मुलांना भूगोल शिकविण्याचीं साधनें विकावयास काढलीं. त्या काळीं ज्या मुलाच्या हातून तुकडा हरवे त्याच्या हातून एक अखंड राज्य हरवत असे. जेन ऑस्टिनच्या १८१४ सालच्या 'मॅन्सफील्ड पार्क' या कादंबरींत गरीब घरांतून आलेल्या फॅनीला युरोपचा नकाशा जुळवितां येत नाहीं म्हणून तिच्या श्रीमंत मावसबहिणी तिला हंसतात. हा प्रसंग आम्हीं वर्गांत कित्येक वर्षें शिकविला. आणि येथें कबूल करावयास हरकत नाहीं कीं त्यांपैकीं पहिलीं सहा-सात वर्षें आम्ही तो नकाशा कागदावर काढावयाचा असतो अशा समजुतीनेंच शिकविला. विद्यार्थ्यांनींही तो तसाच लिहिला आणि आम्हीं त्यांना गुण दिले.

पुढें हें साधन मोठ्या माणसांनीं मुलांच्या हातून काढून घेतलें. अमेरिकेंत १९३२-३३ च्या मंदींत, लोकांजवळ पैसा नव्हता आणि वेळ मात्र भरपूर होता तेव्हां, पुठ्ठ्याचीं स्वस्त कोडीं दर आठवड्याला नवीं अशीं पंचवीस सेंटांना वर्तमानपत्रांच्या ठेल्यांवर मिळूं लागलीं. १९३३ च्या आरंभीं आठवड्याला एक कोट खोकीं खपत असा अंदाज सांगतात. ज्यांना तेंही परवडत नसे त्यांच्यासाठीं कोडीं भाड्यानें देणारीं दुकानें निघालीं. भाड्याच्या कोड्याचा तुकडा कमी निघाला तर तो आधींच्या बिऱ्हाडानें हरविला कीं आपण, यावरून किती घरांत भांडणें पेटलीं असतील याचा विचार करावा!

या विषयावरील सर्वांत निष्ठुर गोष्ट मात्र फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेक यानें १९७८ सालीं एका प्रचंड कादंबरींत लिहिली. तींतील एक धनाढ्य गृहस्थ जगभर हिंडून पांचशें बंदरांचीं चित्रें रंगवितो, त्यांचीं प्रत्येकीं साडेसातशें तुकड्यांचीं कोडीं करवून घेतो, आणि उरलेलें आयुष्य तीं सोडविण्यांत घालवितो. चारशें एकोणचाळिसावें कोडें लावतां लावतां तो मरतो. चित्रांत इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराचें भोक उरलेलें असतें, आणि त्याच्या हातांत असतो डब्ल्यूच्या आकाराचा तुकडा. ग्रंथ थोर आहे यांत शंका नाहीं. परंतु येथें लेखकाचा हात जरा फार स्पष्ट दिसतो असें आम्हांला वाटतें. प्रत्यक्षांत चुकीचा तुकडा इतक्या सोयीस्कर आकाराचा नसतो.

आमच्या घरांतही एक बंदर होतें. १९७९ सालीं, आम्ही अकरा वर्षांचे असतांना, एका रविवारीं वडिलांनीं तें पुण्याच्या जुन्या बाजारांतून आणलें. वडील शाळामास्तर. त्या बाजारांत ते कुलपें, अडकित्ते, बंद पडलेलीं घड्याळें पाहत तास तास हिंडत; घेत क्वचितच. त्या दिवशीं मात्र सुतळीनें बांधलेल्या, पिंवळ्या पडलेल्या एका खोक्यासाठीं त्यांनीं साडेतीन रुपये मोजले. विकणारा सात सांगत होता. साताचे साडेतीन केले ही गोष्ट त्यांनीं त्या दिवशीं आईला, खालच्या बिऱ्हाडांतील काकांना आणि संध्याकाळीं दूधवाल्याला सांगितलेली आम्हीं ऐकली. झाकणावर चित्र नव्हतें. नुसतीं इंग्रजी अक्षरें आणि दोनशें हा आंकडा. वडिलांनीं तुकडे सतरंजीवर ओतले आणि म्हणाले, “काय आहे तें तुम्हीच शोधा.”

शोधावयास चार दिवस लागले. विलायती बंदर होतें. तीन शिडांचें गलबत, दगडी धक्का, धक्क्यावर टोपी घातलेला एक मुलगा, आणि वरती अर्धें चित्र व्यापणारें फिकट निळें आकाश. गलबत आम्हीं घेतलें होतें. आकाश बहिणीला दिलें. ती सहा वर्षांची होती, आणि हुशार मुलें अवघड व कंटाळवाणें काम धाकट्यांकडे कसें ढकलावें हें कोणी न शिकवितां शिकतात. तिनें तक्रार केली नाहीं. शाळेंतून आली कीं फ्रॉकचा घोळ सांवरून ती सतरंजीच्या कडेला बसे आणि निळ्याला निळें लावून पाहत राही. तिसऱ्या दिवशीं वडील आमच्या गलबतावरून नजर फिरवून तिच्या आकाशापाशीं थांबले आणि म्हणाले, “वा! हें खरं कठीण काम.”

चौथ्या दिवशीं संध्याकाळीं आकाशांत, मधल्या शिडाच्या टोंकाशीं, एक भोक उरलें.

सतरंजी झटकली. कपाट सरकविलें. आईनें केरांतून हात फिरविला. वडील आले, आणि भोकाकडे पाहत तसेच उभे राहिले. “बाजारांतच कमी असेल,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा उतरला कीं तो अजून आमच्या डोळ्यांपुढून जात नाहीं. साताचे साडेतीन करणारा मनुष्य साडेतीनालाही फसला होता. तेव्हां आम्ही म्हणालों, “नाहीं बाबा, काल होता तो तुकडा. मीं पाहिला. हिच्या हातांत होता.”

आम्हीं तो तुकडा कधींही पाहिलेला नव्हता.

पुढचें फार नाहीं. बहिणीला वस्तू फ्रॉकच्या खिशांत भरण्याची संवय होती. खिसा उलटा केला. चिंचोके, बांगडीची कांच आणि एक बटण निघालें. ती नाहीं नाहीं म्हणत राहिली, मग रडली, मग गप्प झाली. वडिलांनीं तिला मारलें नाहीं. ते कोणालाच मारीत नसत. तुकडा सांपडेपर्यंत तिनें खोक्याला हात लावावयाचा नाहीं, एवढेंच त्यांनीं सांगितलें. तुकडा अर्थातच सांपडला नाहीं. पुढें दोन उन्हाळ्याच्या सुट्यांत आम्हीं तें बंदर लावलें, आकाशासकट, आणि ती दारापाशीं उभी राहून पाहत असे. वडिलांचा चेहरा मात्र त्याच संध्याकाळीं पुन्हां उजळला होता. व्यवहार चोख ठरला. मूल निष्काळजी निघालें, आणि मुलें निष्काळजी असतातच.

जुन्या वस्तूचा एक मोठा आधार असतो. तिच्यांत कांहीं उणें निघालें तर दोष आपल्या उंबरठ्याबाहेर ठेवतां येतो. तो आधार हातीं असतांना आम्हीं दोष ओढून घरांत आणला. वडिलांवरील प्रेमानें आम्हीं तसें केलें असें आम्हीं स्वतःला पुढें पुष्कळदां सांगितलें आहे. तें सर्वस्वीं खोटें नाहीं. परंतु 'हें खरं कठीण काम' हे शब्द आम्हांला उद्देशून नव्हते, हीही गोष्ट आम्ही विसरलेलों नव्हतों. वडील २००६ सालीं गेले. जागा सोडतांना तें खोकें रद्दीबरोबर गेलें, आणि त्याबरोबर हें प्रकरणही गेलें असें आम्ही धरून चाललों.

इंग्लंडांत त्या दिवसांत नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. जेवणें आटोपलीं कीं टेबल पुसून आम्ही दोघें बसत असूं. तिचा पाय शेजारच्या खुर्चीवर. चित्र एका जुन्या काळच्या किराणा दुकानाचें होतें : फळ्यांवर शेंकडों बरण्या आणि डबे, मध्यभागीं पांढरा अंगरखा घातलेला दुकानदार. आमची रीत अशी कीं एखादा तुकडा डोळ्यांत भरला कीं त्याची जागा शोधीत सुटावें. तिची रीत अगदीं निराळी. ती तुकडे आकारांप्रमाणें वाट्यांतून वेगळे करी, आणि एका वाटींतील सर्व संपल्यावांचून दुसरीला हात लावीत नसे. कडा पहिल्या दोन संध्याकाळीं जुळल्या. लांबीला ३८, रुंदीला २७, कडेचे एकंदर १२६. आंतले ९०० हवेत. तेव्हां तिनें एक ताट मागवून घेतलें, आणि गोळ्या मोजतात तसे तुकडे पांच-पांच करून सुरीनें सरकवीत मोजून टाकले. आम्हीं पाहतां पाहतां चहा पुरा करावा इतक्या वेळांत तें झालें.

“आठशें नव्याण्णव,” ती म्हणाली. “एक कमी.”

“पुन्हां मोजायचे?”

“माझं मोजणं चुकत नाहीं.” मग ती हंसली. “आपल्या बंदरासारखं झालं. दादा, बाबांचं बंदर आठवतं? तो तुकडा मीं कुठं टाकला असेन रे?”

आम्ही कांहीं बोललों नाहीं. ती पुढें म्हणाली, “पुष्कळदां आठवून पाहिलंय मीं. हातांत होता एवढं स्वच्छ आठवतं. पुढचं कांहीं आठवत नाहीं.”

वाचकांस खोटें वाटेल, परंतु इतक्या वर्षांत तिनें आम्हांला दोष दिला असेल असेंच आम्ही मानीत आलों होतों. तिला सर्व ठाऊक आहे, ती मोठ्या मनानें बोलत नाहीं, आणि तिच्या न बोलण्यामुळें आपल्यालाही बोलण्याची गरज नाहीं, अशी आमची सोयीची समजूत होती. तिनें स्वतःवरच आरोप मान्य करून टाकला असेल हें आमच्या स्वप्नांतही नव्हतें. आम्हीं तिला जें घडलें तें सांगितलें. थोडक्यांत सांगितलें, वर्गांत पन्नास मिनिटें बोलण्याची ज्यांना संवय त्यांना तें चार वाक्यांपलीकडे लांबवितां आलें नाहीं.

ती बराच वेळ ताटांतील तुकड्यांकडे पाहत होती. मग म्हणाली, “मग मला आठवतं तें काय?”

याचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. आजही नाहीं. तिनें वाटी पुढें ओढली आणि म्हणाली, “लांबट आकाराचे इकडे दे.” त्या रात्रीं आम्हीं वरच्या डाव्या कोपऱ्यांतील बरण्या लावल्या.

पुढचे आठ-दहा दिवस तिनें तो विषय काढला नाहीं. रागावली असें म्हणावें तर तसें कांहीं दिसत नव्हतें. चहा फार उकळतोस म्हणून ती आम्हांला पूर्वीइतकीच बोलत होती. एका संध्याकाळीं मात्र, दुकानदाराची मिशी जुळवीत असतां, मान वर न करतां ती म्हणाली, “निळा होता. एका बाजूला शिडाचं टोंक होतं, पांढरं.” आम्हीं हूं म्हटलें. भोक शिडाच्या टोंकाशींच होतें, तेव्हां तुकडा तसाच असणार हें कोणालाही सांगतां आलें असतें. परंतु ती तें तर्कानें सांगत नव्हती.

चित्र शेवटास गेलें तेव्हां एक चमत्कार झाला. भोकें दोन उरलीं : एक दुकानदाराच्या अंगरख्यांत, एक चहाच्या डब्यावर. आणि हातांत एक तुकडा उरला, हिरवागार, कोठल्या तरी कुरणांतला, या दुकानाशीं कांहींएक संबंध नसलेला. दोन कमी आणि एक परका, म्हणून गणतींत एकच कमी आला होता. बहिणीचें मोजणें चुकलें नव्हतें. मेहुण्यांनीं तराजू आणून ठेवला असता तर त्यानेंही हेंच सांगितलें असतें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं चित्र मोडून खोक्यांत भरलें. तें दुकानांत परत देऊन टाकावयाचें ठरलें. बहिणीनें पेन आमच्यापुढें केलें आणि म्हणाली, “लिही.”

त्या निळ्या शाईच्या चिठ्ठीखालीं आम्हीं इंग्रजींत लिहिलें : दोन तुकडे कमी.

“कुठले दोन तें लिही.”

तेंही लिहिलें. तिनें तें वाचून पाहिलें आणि झाकण लावलें.

दुकानांतील गल्ल्यावर त्या दिवशीं सत्तरीच्या एक बाई होत्या. त्यांनीं चष्मा लावून चिठ्ठी वाचली, आमचे आभार मानले, आणि दोन पौंडांची किंमत खोडून पन्नास पेन्स केली. हिरवा तुकडा आम्हीं वेगळा कागदांत गुंडाळून नेला होता. तो त्यांनीं गल्ल्याखालून एक कांचेची बरणी काढून तींत टाकला. बरणी अर्धी भरलेली होती. निळे, तांबडे, कडेचे, मधले, सर्व प्रकारचे तुकडे. हे कशासाठीं, असें आम्हीं विचारलें. कोणी कधीं शोधावयास येतें, त्या म्हणाल्या. फारसें नाहीं, पण येतें.

बहिणीचा पाय प्लॅस्टरमधून सुटावयास अजून दोन आठवडे होते. आम्ही गुडघे टेंकून खालच्या फळीवरचीं नांवें वाचूं लागलों.